फ्लॅशचा उजेड आणि चेहऱ्यावरची नकोशी सावली

लग्नाची छायाचित्रे हाती आली, की काही तक्रारी हमखास ऐकू येतात. वधूवरांच्या मागच्या भिंतीवर त्यांच्याच आकृतीची काळीभोर सावली उमटलेली असते. नथीची सावली ओठावर, मुंडावळ्यांची गालावर पडलेली असते. कधी डोळ्यांच्या खोबणी अंधारलेल्या दिसतात. अक्षता पडण्याचा क्षण पुन्हा टिपता येत नाही, त्यामुळे ही चूक कायमची अल्बममध्ये राहते. दोष बहुधा 'फ्लॅश फार जोरात पडला' असे म्हणून त्याच्या शक्तीला दिला जातो. वस्तुतः सावलीचे स्वरूप ठरते ते प्रकाशाचा स्रोत किती मोठा आहे, तो कोठे आहे आणि किती अंतरावर आहे यावरून.

कडा आणि काळेपणा

सावलीचे दोन गुण वेगळे ओळखायला हवेत. पहिला तिच्या कडेचा. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आहे, तरी पृथ्वीवरून तो आकाशात जेमतेम अर्धा अंश जागा व्यापतो. म्हणून भर उन्हातली सावली रेखीव असते. आभाळ भरून आले, की सारे आकाशच प्रकाशाचा स्रोत बनते आणि सावलीची कड विरघळून जाते. म्हणजेच चेहऱ्याच्या जागेवरून पाहता स्रोत जितका मोठा, तितकी सावली मऊ. कॅमेऱ्यावर बसवण्याच्या फ्लॅशचे तोंड सात-आठ सेंटीमीटर रुंद असते. ८ सेंटीमीटरचा फ्लॅश २ मीटर अंतरावर आणि व्यक्ती भिंतीपासून २० सेंटीमीटरवर असेल, तर सावलीची कड जेमतेम ८ मिलिमीटर पसरते. त्याच जागी ६० सेंटीमीटरची छत्री लावली, तर ती ६ सेंटीमीटरपर्यंत पसरते.

दुसरा गुण काळेपणाचा. जेथे फ्लॅश पोहोचत नाही तेथे दुसरा कोणताच उजेड नसेल, तर सावली काळी दिसते. कड मऊ करायची तर स्रोत मोठा किंवा जवळ करावा लागतो. काळेपणा कमी करायचा तर त्या भागात वेगळा उजेड भरावा लागतो.

भिंतीपासून दूर

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे व्यक्तीला भिंतीपासून दीड-दोन मीटर पुढे उभे करणे. फ्लॅश लेन्सपेक्षा उंच असेल, तर सावली खाली घसरते आणि व्यक्तीच्या आड किंवा चौकटीबाहेर जाते. शिवाय अंतर दुप्पट झाले, की प्रकाश एक चतुर्थांश उरतो. फ्लॅशपासून चेहरा १ मीटर आणि भिंत ४ मीटर असेल, तर भिंतीवर चेहऱ्याच्या सोळाव्या हिश्श्याइतकाच प्रकाश पडतो. तेथे सावली असली तरी जाणवत नाही.

कॅमेरा उभा धरला, की फ्लॅश लेन्सच्या बाजूला येतो आणि सावली कानाशेजारी भिंतीवर पडते. फ्लॅश लेन्सच्या वरच राहील असा ब्रॅकेट वापरल्यास हा दोष टळतो. कॅमेऱ्यातलाच छोटा फ्लॅश वापरताना लेन्सवरचे हूड काढून ठेवावे. अन्यथा छायाचित्राच्या तळाशी अर्धगोल सावली येते.

छताचा आणि भिंतीचा उपयोग

फ्लॅशचे तोंड फिरवता येत असेल, तर प्रकाश पांढऱ्या छतावर टाकावा. छताचा उजळलेला भाग हाच मग स्रोत बनतो. तथापि प्रकाश थेट डोक्यावरून आला, तर डोळ्यांखाली, नाकाखाली आणि फेट्याखाली सावल्या पडतात. त्यासाठी व्यक्तीच्या डोक्यावरच्या छताऐवजी आपल्या मागच्या छताकडे किंवा बाजूच्या भिंतीकडे फ्लॅश वळवावा. फ्लॅशमागे पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा रबराने बांधला, तर थोडा प्रकाश सरळ पुढे जाऊन डोळ्यांत चमकही येते.

या पद्धतीत बराच प्रकाश वाया जातो, त्यामुळे आयएसओ वाढवावा लागतो. छत रंगीत असेल, तर तो रंग चेहऱ्यावर उतरतो. मंडपाच्या लाल-पिवळ्या कापडाखाली हा उपाय टाळावा. फ्लॅशवर बसवायच्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या टोपीबाबतही गैरसमज आहे. टोपीमुळे स्रोत फारसा मोठा होत नाही. ती प्रकाश चहूकडे उधळते आणि तो भिंतींवरून परत आला तरच सावली मऊ होते. उघड्या मैदानात तिचा उपयोग नगण्य.

उजेड भरण्याची युक्ती

फ्लॅश कॅमेऱ्यापासून सोडवून एका बाजूला, चेहऱ्यापेक्षा थोडा वर, छत्री किंवा सॉफ्टबॉक्ससह ठेवावा आणि विरुद्ध बाजूला पांढरी चादर किंवा पुठ्ठा धरावा. परतलेल्या उजेडाने सावलीची बाजू उजळते. छत्री चौकटीत येणार नाही इतकी जवळ आणावी. २ मीटरवरची छत्री १ मीटरवर आणली, की चेहऱ्याच्या दृष्टीने ती दुप्पट मोठी होते.

सभागृहातला मूळ उजेडही मदतीला घेता येतो. शटरचा वेग १/२०० ऐवजी १/६० किंवा १/३० ठेवला, तर फ्लॅशचा परिणाम तेवढाच राहतो, पण दिव्यांचा उजेड अधिक नोंदला जाऊन मागचा काळोख कमी होतो. व्यक्तीने मात्र स्थिर उभे राहावे. दुपारच्या उन्हात उलट परिस्थिती असते. तेथे भुवयांखालची सावली सूर्याची असते आणि फ्लॅश तीच भरून काढतो. त्याची मात्रा एक ते दोन स्टॉप कमी ठेवल्यास चेहरा कृत्रिम दिसत नाही.

मोबाइलचा एलईडी दिवा तर फारच छोटा. तो बंद करून, व्यक्तीला खिडकीकडे तोंड करून उभे करणे केव्हाही चांगले.

किती सावली ठेवावी?

पारपत्राच्या छायाचित्राला वेगळा नियम लागतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांनुसार चेहऱ्यावर किंवा पार्श्वभूमीवर सावली चालत नाही. तेथे दोन्ही बाजूंनी समान प्रकाश द्यावा. पार्श्वभूमी पांढरी दिसायला हवी, म्हणून तिच्यासाठी स्वतंत्र दिवा असलेला बरा. सावली नंतर संगणकावर पुसण्याचा मोह टाळावा; असे फेरफार केलेले छायाचित्र नाकारले जाऊ शकते.

व्यक्तिचित्रात मात्र सावली पूर्ण घालवू नये. नाकाचा उठाव, गालाची गोलाई आणि हनुवटीची रेषा सावलीमुळेच दिसते. ती गेली, की चेहरा सपाट भासतो. म्हणून समारंभ सुरू होण्यापूर्वी एक चाचणी छायाचित्र काढून नाकाखाली, डोळ्यांत आणि मागच्या भिंतीवर काय दिसते ते पाहावे. भिंतीवर सावली असेल, तर व्यक्तीला पुढे घ्यावे. डोळे अंधारले असतील, तर प्रकाशाची दिशा बदलावी. कड टोचत असेल, तर स्रोत मोठा करावा.