कायद्याने घडवलेले रसायनशास्त्र

औषधांच्या पेटंटवरची चर्चा बहुधा किमतीपाशी सुरू होते आणि किमतीपाशीच संपते. गोळी महाग का आणि स्वस्त कशी झाली, एवढाच हिशेब मांडला जातो. पण भारताच्या औषधधंद्याचा, त्यातही मुंबई-पुणे पट्ट्याचा इतिहास पाहिला तर कायद्याचा हात किमतीच्या कितीतरी आधी पोचलेला दिसतो. संशोधकाने कोणता प्रश्न हाती घ्यावा, कोणत्या कामाला पैसा मिळावा आणि कोणत्या कौशल्याला मागणी यावी, हे कायदा ठरवत आला आहे. औषध कुणाला मिळणार याचा निम्मा निकाल म्हणूनच दुकानात औषध येण्यापूर्वी, प्रयोगशाळेतले काम आखले जाते तेव्हाच लागलेला असतो.

आपल्याकडचा पेटंटचा पहिला कायदा १८५६ चा. पुढे १९११ चा पेटंट व डिझाइन कायदा आला आणि तो स्वातंत्र्यानंतरही पाव शतक औषधांना लागू राहिला. त्याखाली प्रत्यक्ष औषधी पदार्थावरच हक्क मिळे आणि तो सोळा वर्षे टिके. मक्तेदारी दिली की शोध लागतात, हे तत्त्व सगळीकडे सारखेच लागू असते, तर या काळात देशात औषधसंशोधनाला बहर यायला हवा होता. १९४८ साली नेमलेल्या बक्षी टेकचंद समितीला आणि नंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांना दिसले ते वेगळेच. अय्यंगारांच्या १९५९ च्या अहवालानुसार भारतातली ८० ते ९० टक्के पेटंटे परकीयांकडे होती आणि त्यांतली ९० टक्क्यांहून अधिक इथे वापरातच नव्हती. पेटंट घेतले जात होते ते कारखाना उभारण्यासाठी नव्हे, तर दुसऱ्या कुणी तो उभारू नये म्हणून. अमेरिकी सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीनेही त्याच सुमारास नोंदवले की काही प्रतिजैविकांच्या भारतातल्या किमती जगातल्या सर्वांत चढ्या किमतींत मोडतात. गरीब देशात औषध महाग आणि संशोधन नाममात्र, असे हे दुहेरी अपयश होते.

अय्यंगारांच्या शिफारशींवर पुढे दशकभर वाद झाला. १९६१ साली मुंबईत स्थापन झालेल्या देशी औषध उत्पादकांच्या संघटनेने बदलाचा आग्रह धरला. परदेशी कंपन्यांचा विरोध अर्थातच होता. अखेर १९७० चा पेटंट कायदा झाला आणि २० एप्रिल १९७२ पासून लागू झाला. त्याच्या पाचव्या कलमाने औषध व अन्न यांच्या बाबतीत पदार्थावरचा हक्क रद्द केला; तो पदार्थ बनवण्याच्या रीतीवर तेवढा हक्क ठेवला आणि त्याची मुदतही जास्तीत जास्त सात वर्षांवर आणली. एखाद्या गावावर कुणाची मालकी नसावी, तिथे जाणाऱ्या एका वाटेवर मात्र असावी, तशी ही तरतूद होती. दुसरी वाट शोधणाऱ्याला गाव खुले होते. साहजिकच भारतीय रसायनतज्ज्ञांची बुद्धी वाटा शोधण्याकडे वळली. कोणता टप्पा गाळता येईल, कोणते महाग अभिकर्मक टाळता येईल, इथे मिळणाऱ्या कच्च्या मालापासून तोच रेणू कसा बांधता येईल, हे आता व्यापारी मोलाचे प्रश्न झाले.

यावर कुणी म्हणेल की सगळे श्रेय कायद्याला देणे भाबडेपणाचे आहे. ते मान्य करायला हवे. किंमत नियंत्रणाचा आदेश १९७० चाच, परकीय भांडवलावर मर्यादा घालणारा कायदा १९७३ चा. दोहोंनी देशी कंपन्यांना मोकळी जागा मिळाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वाट शोधणारी माणसे आधीच तयार होत होती. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग १९३३ पासून चालू होता. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० साली उभी राहिली आणि पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफच्या मदतीने. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीचे संस्थापक अंजी रेड्डी मुंबईच्या याच विभागात आणि मग पुण्याच्या प्रयोगशाळेत शिकले होते. रसायनतज्ज्ञ ए. व्ही. रामाराव यांची उमेदीची वर्षेही याच प्रयोगशाळेत गेली. पुढे हैदराबादला त्यांच्या हाताखाली एड्सवरील झिडोव्हुडिन बनवण्याची स्वस्त रीत तयार झाली आणि १९९३ साली मुंबईच्या सिप्लाने ते औषध बाजारात आणले. सरकारी पैशातून घडलेले मनुष्यबळ नसते तर पाचवे कलम कागदावरच राहिले असते. पण कलम नसते तर तीच माणसे आयात औषधांचे वितरक किंवा परदेशी कंपन्यांचे नोकर झाली असती, हेही तितकेच खरे. शिक्षणाने कौशल्य दिले. ते कुठे वापरायचे हे कायद्याने ठरवले.

याचा सर्वांत ठळक पुरावा २००१ सालचा आहे. एड्सच्या रुग्णाला तीन औषधे एकत्र द्यावी लागत आणि श्रीमंत देशांत त्यांचा वर्षाचा खर्च दहा ते पंधरा हजार डॉलरच्या घरात होता. त्या फेब्रुवारीत सिप्लाचे युसुफ हमीद यांनी ‘मेदसाँ साँ फ्राँतिएर’ या संस्थेला स्टाव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन हा त्रिवेणी उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये, म्हणजे दिवसाला एका डॉलरहून कमी दरात देऊ केला. जगाने किमतीची बातमी वाचली, पण तिच्यामागे संशोधनाचीही गोष्ट होती. सिप्लाने ही तिन्ही औषधे एकाच गोळीत आणली. मोजके डॉक्टर आणि दूरवरची खेडी अशा परिस्थितीत दिवसातून दोनच गोळ्यांचे हे रूप फार मोलाचे ठरले. पाश्चात्त्य कंपन्यांना ही गोळी शास्त्रीयदृष्ट्या अशक्य नव्हती. मात्र तिन्ही रेणू तीन वेगळ्या कंपन्यांच्या पेटंटखाली होते, त्यामुळे ते एकत्र करण्यात कुणाला फारसा रस नव्हता. भारतात ती भिंत नव्हती. रुग्णाच्या सोयीचे एक नवे रूप जन्माला आले ते पेटंटच्या अभावामुळे, आणि हा मुद्दा पेटंटसमर्थकांनी गांभीर्याने घ्यायला हवा.

त्यांचा आक्षेपही तितकाच गंभीर आहे. भारताने दुसऱ्यांच्या शोधांवर धंदा उभारला, स्वतः नवा रेणू दिला नाही. सगळ्यांनीच असे केले तर शोध लावायचे कुणी? या आक्षेपात तथ्य आहे. वाटा शोधण्यात प्रवीण झालेला उद्योग नवे गाव वसवण्यात कमी पडला. परंतु कारण शोधताना कालक्रम पाहावा लागेल. १९७२ पूर्वी पदार्थावर भरभक्कम हक्क होता, तरीही इथे मोठे शोध लागले नाहीत. त्या काळातला ठळक अपवाद म्हणजे बुरशीविरोधी हॅमायसिन. ते पिंपरीच्या सरकारी कारखान्यात एम. जे. थिरुमलाचार यांनी शोधले आणि ज्या जिवाणूपासून ते मिळते त्याच्या शास्त्रीय नावातही पिंपरी आहे. म्हणजे तो शोधही मक्तेदारीच्या आशेपेक्षा सार्वजनिक संस्थेच्या पाठबळावर लागला. दुसरीकडे, अमेरिकेत पेटंट सैल नव्हते, तरी क्षयरोगावर नव्या वर्गाचे औषध मंजूर व्हायला चाळीसेक वर्षे लागली. बेडाक्विलिनला मान्यता मिळाली ती २०१२ च्या डिसेंबरात. क्षयाचे रुग्ण लाखो होते, पण गिऱ्हाईक म्हणून ते दुबळे होते. पेटंट संशोधनाला चालना देते, हे खरे. ती चालना पैसेवाल्या आजारांच्या दिशेने असते, हेही त्याच दमात सांगायला हवे.

१९९५ साली जागतिक व्यापार संघटना आली आणि भारताला दहा वर्षांच्या सवलतीनंतर पदार्थावरचे वीस वर्षांचे पेटंट परत आणावे लागले. २००५ च्या दुरुस्तीत मात्र संसदेने कलम ३ चे पोटकलम (ड) अधिक कडक केले. माहीत असलेल्या पदार्थाचे नवे रूप अधिक परिणामकारक असल्याचे सिद्ध झाले नाही, तर त्याला शोध म्हणायचे नाही, असे ते सांगते. रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिवेक या औषधाच्या एका स्फटिकरूपासाठी नोव्हार्टिसने पेटंट मागितले, तेव्हा हरकत घेणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन होती. मूळ औषधाचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये, तर जेनेरिकचा आठ-दहा हजार. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. आफताब आलम आणि न्या. रंजना प्रकाश देसाई यांच्या पीठाने पेटंट नाकारले. शरीरात औषध ३० टक्के अधिक शोषले जाते, एवढ्याने उपचाराचा गुण वाढल्याचे सिद्ध होत नाही, असे त्यांनी ठरवले. टप्प्याटप्प्याने होणारी सुधारणा अशाने मारली जाते, अशी टीका झाली. पण पोटकलम सुधारणेला मनाई करत नाही, तिचा पुरावा मागते. चांगल्या संशोधकाला पुरावा जड वाटू नये. जड जाते ती जुन्या मक्तेदारीची मुदत लांबवण्याची खटपट.

कलमे चांगली असून भागत नाही, ती चालवणारी माहितीही लागते. ९ मार्च २०१२ रोजी पेटंटधारकाच्या संमतीविना इतरांना औषध बनवू देणारा भारतातला पहिला सक्तीचा परवाना मुंबईच्या पेटंट कार्यालयातून निघाला, तो बायरच्या नेक्साव्हर या कर्करोगावरील औषधासाठी. नॅटको कंपनीला मिळालेल्या या परवान्याने महिन्याची किंमत २ लाख ८० हजारांवरून ८,८०० रुपयांवर आली आणि बायरला सहा टक्के स्वामित्वधन मिळाले. हे औषध किती थोड्या रुग्णांपर्यंत पोचते, हे दाखवण्यासाठी बायरनेच पेटंट कार्यालयाला दिलेली वापराची विवरणपत्रे कामी आली. अय्यंगारांनी १९५९ मध्ये टिपलेला ‘न वापरलेल्या पेटंटां’चा आजार ओळखण्याचे साधन तेच होते. तसेच मार्च २०२३ मध्ये मुंबई कार्यालयाने बेडाक्विलिनच्या क्षाररूपावरचा जॉन्सन अँड जॉन्सनचा अर्ज फेटाळला, तो क्षयातून बऱ्या झालेल्या दोन स्त्रियांच्या हरकतीमुळे. नाहीतर मक्तेदारी २०२३ ऐवजी २०२७ पर्यंत लांबली असती.

म्हणून २०२४ मध्ये पेटंट नियमांत झालेले बदल छोटे मानून चालणार नाही. वापराचे विवरणपत्र आता दरवर्षी न देता तीन वर्षांतून एकदा द्यायचे आहे. पेटंट देण्यापूर्वी घेतलेली हरकत विचारात घेण्याजोगी आहे की नाही हे अधिकारी आधी ठरवणार आणि हरकतीला शुल्कही पडणार. कामाचा बोजा कमी व्हावा, निरर्थक हरकतींना आळा बसावा, हा हेतू समजण्यासारखा आहे. पण १९७० च्या कायद्याची ताकद दोन गोष्टींत होती: संशोधकाला मोकळी ठेवलेली वाट आणि मक्तेदाराला विचारता येणारा जाब. कलम ३ (ड) ला हात लावला तर देशभर गदारोळ होईल. शुल्काचा तक्ता बदलला तर बहुतेकांना कळणारही नाही. औषध कुणाला मिळणार आणि कोणत्या आजारावर संशोधन होणार, हे यापुढे अशाच तक्त्यांतून ठरत जाईल. रुग्णसंघटना, रसायनतज्ज्ञ आणि आमदार-खासदार यांनी ते तक्ते कलमांइतकेच बारकाईने वाचले पाहिजेत.