फॉलो-अप कुठे थांबवायचा? पीकेयूची गोष्ट

एक प्रश्न विचारते. आईला आनुवंशिक आजार आहे, पण बाळाला तो आजार नाही. मग बाळ निरोगी जन्माला येईल ना? जनुकशास्त्राचा पेपर दिलेला कुणीही पटकन 'हो' म्हणेल. हे उत्तर चुकलं कसं, हे समजून घ्यायला आपल्याला 1934 सालात जावं लागेल.

त्या वर्षी नॉर्वेत आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांकडे एक आई आपली दोन मतिमंद मुलं घेऊन आली. मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकल्यावर रंग हिरवा झाला. त्यातून फेनिलकीटोन्युरिया, म्हणजे पीकेयू, हा आजार सापडला. आई-वडील दोघांकडून बिघडलेलं जनुक आलं, की फेनिलॅलॅनिन या अमिनो आम्लाचं विघटन करणारं एन्झाइम नीट काम करत नाही. हे आम्ल रक्तात साठतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं.

पुढे 1953 मध्ये हॉर्स्ट बिकेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्मिंगहॅममध्ये एका मुलीला फेनिलॅलॅनिन अगदी कमी असलेला आहार देऊन सुधारणा दाखवली. मग रॉबर्ट गथ्री यांनी बाळाच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबावर करता येणारी स्वस्त चाचणी शोधली. आता जन्मानंतर काही दिवसांतच निदान व्हायचं, लगेच आहार सुरू व्हायचा आणि मूल शाळेत इतरांसारखं शिकायचं. वैद्यकशास्त्रातलं हे मोठं यश होतं, यात वादच नाही.

हा आहार मात्र भयंकर कठीण. दूध, अंडी, मांस, डाळी सगळं बंद, आणि वर बेचव अमिनो आम्लांचं मिश्रण प्यायचं. मेंदूची मुख्य वाढ झाली की धोका टळला, अशी तेव्हा समजूत होती. म्हणून अनेक ठिकाणी पाच-सहा वर्षांनंतर आहार सोडून दिला जायचा. मुलं बरी, फाइल बंद!

पण त्यातल्या मुली मोठ्या होणार होत्या, आणि आई होणार होत्या.

धोक्याची सूचना आधीच मिळाली होती, हे लक्षात घ्या. 1957 मध्ये चार्ल्स डेंट यांनी पीकेयू असलेल्या एका आईच्या मतिमंद मुलांची नोंद केली होती. 1963 मध्ये मॅब्री आणि सहकाऱ्यांनी अशा आणखी माता दाखवल्या. त्यांच्या मुलांना स्वतःला पीकेयू नव्हताच. वडिलांकडून चांगलं जनुक आल्यामुळे ती फक्त वाहक होती. मग इजा कशाने झाली? आईच्या रक्तातलं फेनिलॅलॅनिन वारेतून बाळाकडे जातं. वार अमिनो आम्लं बाळाकडे ओढूनच घेते, त्यामुळे बाळाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईपेक्षाही जास्त होतं. म्हणजे आईचं जनुक इथे बाळाचं 'पर्यावरण' बनलं.

हे पटवायला आकडे हवे होते. 1980 मध्ये लेन्के आणि लेव्ही यांनी जगभरातल्या 500 हून अधिक गर्भारपणांची माहिती गोळा केली. आईची पातळी 1200 मायक्रोमोल प्रति लिटर किंवा त्याहून जास्त असताना 92 टक्के मुलं मतिमंद होती, तर 73 टक्के मुलांचं डोकं लहान होतं. पातळी जसजशी कमी, तसतशी इजाही कमी. 1982 मध्ये कर्कमन यांनी हिशेब मांडला: या स्त्रियांना उपचाराविना मुलं होत राहिली, तर चाचणीने मिळवलेला सगळा फायदा एका पिढीत पुसला जाऊ शकतो.

मग 1984 मध्ये अमेरिकेत मोठा सहयोगी अभ्यास सुरू झाला. पुढे त्यात कॅनडा आणि जर्मनीही आले, आणि एकूण 572 गर्भारपणांचा मागोवा घेतला गेला. इथली रचना नीट बघा. चिठ्ठ्या टाकून निम्म्या बायकांना आहाराविना ठेवणं नैतिकदृष्ट्या शक्यच नव्हतं. म्हणून पातळी कितव्या आठवड्यात आटोक्यात आली, यावरून तुलना केली गेली. गर्भधारणेआधीच, किंवा निदान आठव्या-दहाव्या आठवड्यापर्यंत पातळी 120 ते 360 मध्ये आली, तर मुलं जवळपास इतरांसारखीच वाढली. उशीर झाला तर बाळाच्या हृदयाला आणि मेंदूला धोका, कारण हृदय तर पहिल्या दोन महिन्यांतच घडतं. तोवर कित्येकींना दिवस गेल्याचं कळून जेमतेम काही आठवडे झालेले असतात. म्हणूनच आज पीकेयू असलेल्या मुलींना वयात येतानाच हे सांगितलं जातं, आणि आहार आयुष्यभर चालू ठेवा असा सल्ला दिला जातो.

आता तुमच्या कामाचं. संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना 'एंडपॉइंट' नावाचा रकाना आपण घाईत भरून टाकतो. इथे तो 'मुलाची बुद्धी शाबूत राहिली' असा होता, आणि तो पूर्णही झाला. चूक कुणाच्या आकडेमोडीत नव्हती. ज्या मुलीला वाचवलं ती उद्या बाई होईल, हे त्या रकान्यात मावलं नव्हतं, एवढंच. तुमचा प्रस्ताव लिहाल तेव्हा एक ओळ जास्तीची लिहा: माझा प्रयोग यशस्वी झाला, तर त्यानंतर वीस वर्षांनी या लोकांचं काय होईल?