काबूल : दीड दिवसाचा घटनाक्रम

शनिवार, १४ ऑगस्ट २०२१, दुपार
राष्ट्राध्यक्ष अश्रफ घनी दूरचित्रवाणीवर येतात. सैन्याची फेरजुळणी करू, म्हणतात. कोलमडलेली राज्यं कशी सावरावीत, यावर २००८ साली क्लेअर लॉकहार्टसोबत पुस्तक लिहिलेला हा माणूस. तालिबाननं घेतलेली पहिली प्रांतिक राजधानी झरंज पडून आठ दिवस झालेत. कंदाहार, हेरातही गेलंय.

रात्र
मझार-ए-शरीफ पडतं. तालिबानविरोधी सेनानी दोस्तुम आणि अत्ता नूर उझबेकिस्तानात निघून जातात.

रविवार, सकाळ
जलालाबाद एकही गोळी न झाडता तालिबानच्या हाती. काबूलमध्ये बँकांपुढे रांगा लागतात.

सैनिक लढलेच नाहीत, असं नंतर सर्रास बोललं गेलं. मला ते बोलणं अन्यायाचं वाटतं. वीस वर्षांत साठ हजारांहून जास्त अफगाण सैनिक आणि पोलीस मारले गेले. उरलेल्यांतल्या अनेकांचे पगार थकले होते, काही चौक्यांवर अन्नसुद्धा पोहोचत नव्हतं. या फौजेवर अमेरिकेनं ८,८०० कोटी डॉलर खर्च केले. पण विमानांची देखभाल करणारे परदेशी कंत्राटदार निघून गेले आणि हवाई दल लंगडं झालं. २९ फेब्रुवारी २०२० रोजी दोहात अमेरिकेनं तालिबानशी करार केला, तेव्हा काबूलच्या सरकारला तिथं खुर्चीच नव्हती. सैनिकानं त्यातून काय समजायचं ते समजून घेतलं. सरकारी खर्चाचा पाऊण हिस्सा परदेशी मदतीतून यायचा. चौतीसही प्रांतांचे राज्यपाल काबूलहून नेमले जायचे. गावकऱ्याला ना तो निवडता येई, ना हटवता. अशा सरकारसाठी शेवटची गोळी कोण राखून ठेवील?

दुपार
तालिबान वेशीवर. मंत्रालयं रिकामी होतात, स्त्री कर्मचारी घाईघाईनं घर गाठतात. अमेरिकी दूतावासातून हेलिकॉप्टरं विमानतळाकडे फेऱ्या मारतात. अडीचच्या सुमारास घनीही हेलिकॉप्टरनं देश सोडतात. मंत्र्यांनाही पत्ता नाही.

संध्याकाळ
राष्ट्रीय समेट परिषदेचे प्रमुख अब्दुल्ला अब्दुल्ला चित्रफितीतून सांगतात : राष्ट्राध्यक्ष गेले. पोलिसांच्या चौक्या ओस. बग्राम तळावरच्या तुरुंगातून हजारो कैदी बाहेर पडलेले.

रात्र
अर्ग या राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यात बंदूकधारी तालिबान घनींच्या टेबलामागे बसतात. अल जझीरा ते जगाला दाखवतं. त्यांच्या पाठीशी भिंतीवर मोठं चित्र आहे : १७४७ सालचा राज्याभिषेक, पानिपतामुळे आपण ज्याला अब्दाली म्हणून ओळखतो त्या अहमदशहाचा. एक फकीर नव्या राजाला आशीर्वाद देतो आहे.