बरणी, मीठ आणि लाखेचं सील

'व्हिसेरा राखून ठेवला आहे' हे वाक्य तुम्ही बातम्यांत कितीदा तरी वाचलं असेल. राखून ठेवला म्हणजे काय केलं? मी सॉफ्टवेअरवाला, केमिस्ट्रीशी माझं कधी जमलं नाही. पण या एका वाक्यामागे जवळपास दोनशे वर्षांची गोष्ट आहे.

इंग्लंड, १८३३. जॉन बॉडल नावाच्या तरुणावर आरोप होता, आजोबांना कॉफीतून सोमल पाजल्याचा. सोमल म्हणजे आर्सेनिक. जेम्स मार्श या रसायनतज्ज्ञाला विष सापडलं, पण कोर्टात दाखवेपर्यंत त्याचा नमुनाच खराब झाला. ज्यूरीला पटेना, पोरगा सुटला. आणि नंतर त्याने गुन्हा कबूल केला!

मार्शने १८३६ मध्ये नवी चाचणी मांडली. नमुन्यात जस्त आणि आम्ल घालायचं, निघालेला वायू पेटवायचा, ज्योतीवर थंड चिनीमातीची बशी धरायची. सोमल असेल तर बशीवर काळसर, चकचकीत डाग. भारीच ना? पण लोचा असा, की जस्तातच कधी कधी आर्सेनिक असायचं. म्हणजे बग कोडमध्ये नाही, टेस्ट करायच्या मशीनमध्येच. म्हणून आधी नमुन्याशिवाय चाचणी करून बघायची, हा धडा तिथून आला.

आपल्याकडे सरकारी 'केमिकल एक्झामिनर' बसला मद्रासला १८४९ मध्ये, मग कलकत्ता १८५३, आग्रा १८६४ आणि मुंबई १८७०. मुख्य काम विषाचं. सोमल सहज मिळायचा, वाटसरूंना धोतरा खायला घालून लुटणारे होते. त्यात आपल्याकडे दहन लगेच उरकतात. एकदा चिता पेटली की पुन्हा तपासायला फारसं काही उरत नाही. बरणीत जे काढून ठेवलं, तेवढंच.

त्या बरणीत जठर आणि त्यातलं अन्न, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंड, वर मिठाचं संपृक्त पाणी. दारूचा संशय असेल तर स्पिरिट वापरायचं नाही, उघडच आहे. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट: तेच मिठाचं पाणी वेगळ्या बाटलीतही पाठवतात. विष पाण्यातच नव्हतं ना, हे तपासायला. मार्शचं जस्त आठवलं? बरणीला लाखेचं सील, आणि त्या सीलचा ठसा वेगळा पाठवायचा. लॅबमध्ये आधी ठसा जुळतो का बघतात, मगच बरणी उघडतात. आम्ही डिजिटल सिग्नेचर तपासतो, अगदी तसंच!

एवढी काटेकोरी का? कारण लॅबचा अहवाल तज्ज्ञ कोर्टात न येताही पुरावा म्हणून चालतो. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ५१० होतं, १९७३ च्या संहितेत २९३, आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ३२९. कोर्टाला वाटलं तर तज्ज्ञाला बोलावता येतं, पण एरवी बोलतो तो कागदच. महाराष्ट्रात पोलीस त्याला अजून 'सीए रिपोर्ट' म्हणतात. केमिकल ॲनालायझरचा म्हणून सीए, चार्टर्ड अकाउंटंटचा नाही बरं का!

आणि तो कागद फक्त बरणीत काय होतं ते सांगतो. कोणी घातलं, ते नाही. म्हणून बचावाचा वकील वेगळीच जागा धरतो: सील केल्यापासून लॅबमध्ये पोचेपर्यंत बरणी कुठे होती? मग सहीवाला शास्त्रज्ञ नाही, तर मुद्देमाल कारकून आणि बरणी घेऊन गेलेला कॉन्स्टेबल साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहतात, हातात रजिस्टर घेऊन.