'करतो' की 'करते'?

गेल्या महिन्यात आमच्या गारगोटीतल्या बचत गटाकडे एक इंग्रजी अर्ज आला. एका मुलीनं मोबाईलवर त्याचं मराठी करून घेतलं. मजकूर झकास, पण शेवटी आलं, 'मी असे जाहीर करतो की'. गटात तर सगळ्या बायका! हसू फुटलं. तेवढ्यात आमच्या मावशी म्हणाल्या, "अगं, मी तर जन्मभर 'जातो', 'येतो'च म्हणत आलो की! मशीन काय चुकलं?"

मावशींचं खोटं नाही. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका सहज 'मी आलो' म्हणतात. पण मशीननं 'करतो' लिहिलं ते आपली बोली ऐकून नव्हे. इंग्रजी क्रियापदावरून बाई की पुरुष ते कळत नाही, मराठीत मात्र ठरवावंच लागतं. मग आधी वाचलेल्या ढीगभर मजकुरात जे जास्त वेळा दिसलं, तेच मशीन उचलतं.

आणि तो मजकूर आला कुठून? शिवरायांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला. त्यात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. तो दरबारासाठी होता. बाजारात 'दुकान', 'कागद', 'जमीन' राहिलेच. 1831 साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. त्यासाठी शब्द जमवणारे पंडित सगळे पुरुष. महाराष्ट्र राज्य झाल्यावर 6 जुलै 1960 रोजी भाषा संचालनालय स्थापन झालं आणि 1962 मध्ये पदनाम कोश आला. टीकाकारांनी त्याला 'बदनाम कोश' म्हणून झोडपलं. तरी आज 'संचालक' म्हणताना कुणी अडखळत नाही. अर्जांचे नमुने मात्र 'करतो'वरच थांबले. फार तर तिरकी रेघ देऊन शेजारी 'करते'.

2013 साली गूगलच्या भाषांतरात मराठी आली, 2022 मध्ये केंद्र सरकारनं 'भाषिणी' सुरू केलं, आणि आता चॅटजीपीटीसारखी यंत्रं पानंच्या पानं मराठी करून देतात. आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग आहेच. पूर्वी इंग्रजी कागद आला की कुणाच्या तरी दारात जाऊन बसावं लागायचं. 'अर्जदार बाई आहे' असं आधी सांगितलं, तर ही यंत्रं बहुधा 'करते' लिहितात. पण सांगायचं असतं हे ठाऊक हवं ना! 'मी पुरुष आहे' असं सांगायची वेळ कुणा पुरुषावर येत नाही.

आणि मावशींचं 'मी आलो'? बाई म्हणून सांगितलं की यंत्र त्याचं 'मी आले' करणार. आपली बोली कागदावर फारशी उतरलीच नाही, तर यंत्रानं ती वाचायची कुठून?

शेवटी आम्ही पेननंच 'करतो' खोडून 'करते' केलं. मावशींनी चष्मा चढवला, कागद ओढला आणि म्हणाल्या, "आण हिकडं, मी सही करतो."