लेखनसाधनाची निवड आणि अक्षराची कल्पना : रत्नागिरीतील लिपीशुद्धीपासून संगणकीय संहितेपर्यंत

१९२४ ते १९३७ या काळात वि. दा. सावरकर रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध होते. राजकारणास बंदी असलेल्या या वर्षांत त्यांनी हाती घेतलेल्या कार्यांपैकी अस्पृश्यतानिवारण आणि भाषाशुद्धी यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. लिपीशुद्धीचा उल्लेख मात्र बहुधा भाषाशुद्धीचे उपांग म्हणून येतो आणि तेथेच संपतो. वस्तुतः या दोन चळवळींचे प्रयोजन एक नाही. भाषाशुद्धीचा रोख परकीय शब्दांवर होता. लिपीशुद्धीचा प्रश्न खिळ्यांचा, जुळाऱ्याच्या श्रमांचा आणि टंकयंत्रावरील मोजक्या कळांचा होता. इ, ई, उ, ऊ, ए, ऐ ही स्वरचिन्हे गाळून 'अ'लाच वेलांटी, उकार, मात्रा द्याव्यात, आणि एकाखाली एक रचली जाणारी जोडाक्षरे एका ओळीत सरळ लिहावीत, या सूचनांमागे लेखनसौकर्याबरोबरच यंत्रसौकर्याचाही विचार होता. रत्नागिरीतच जन्मलेल्या टिळकांनी 'केसरी'च्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या घटवण्याचा खटाटोप त्याआधी केला होता. सावरकरांचे समकालीन हरि गोविंद गोविल न्यूयॉर्कमध्ये देवनागरी लायनोटाइपच्या खटपटीत होते. 'किर्लोस्कर' मासिकाने 'अ'ची बाराखडी प्रत्यक्ष छापून दाखवली. पण वाचकांच्या डोळ्यांना ती फारशी मानवली नाही.

या घटनेकडे लेखनसाधनाच्या इतिहासातील एक प्रसंग म्हणून पाहिले, तर तिला एक अनपेक्षित समांतर सापडते. लेखनसाधनाची आवडनिवड हा उघड वादाचा विषय बनवणारा आणि तो वाद पिढ्यान्‌पिढ्या चालवणारा लेखकवर्ग साहित्यिकांचा नाही, प्रोग्रामरांचा आहे. १९७६च्या सुमारास बर्कले येथे बिल जॉय यांनी 'व्हीआय' हा टेक्स्ट एडिटर घडवला. त्याच वर्षी एमआयटीत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांच्या हातून 'ईमॅक्स' आकाराला आला. तेव्हापासून या दोहोंचे अनुयायी एकमेकांना निकालात काढत आले आहेत. १९९१ साली ब्राम मोलेनार यांचा 'व्हिम' आला आणि वादाला नवी धार चढली. दोन्ही पक्ष आपल्या निवडीचे समर्थन कार्यक्षमतेच्या भाषेत करतात. निवडीचा उगम पाहिला तर मात्र वेगळेच दिसते. व्हीआयमध्ये कर्सर हलवण्यासाठी एच, जे, के, एल या कळा आहेत, कारण जॉय यांच्यासमोर जे 'एडीएम-३ए' टर्मिनल होते त्याच्या याच कळांवर बाण छापलेले होते. आज्ञा एकाक्षरी आहेत, कारण संथ मोडेमवरून पडदा पुन्हा रेखाटला जाण्यास वेळ लागे. ईमॅक्समधील 'मेटा' ही कळ आजच्या बहुसंख्य कळफलकांवर नाहीच. जुन्या प्रयोगशाळेतील कळफलकाची ती स्मृती आहे. यंत्रे भंगारात गेली, बोटांची सवय उरली, आणि त्या सवयीला 'वैयक्तिक आवड' हे नाव मिळाले.

मराठी लेखनाला ही गोष्ट नवी नाही. मोडी लिहिणारा कारकून आधी पानभर शिरोरेघ ओढून घेई आणि मग तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरे वळवी. मोडीचे वळण हे हाताच्या त्वरेचे वळण आहे. छपाईत बालबोध स्थिरावली तेव्हा मोडी दप्तरापुरती उरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यात शाळेतूनही गेली. तिच्याबरोबर कोणती गद्यशैली गेली, याचा शोध मराठी समीक्षेने घेतलेला नाही.

टंकयंत्राने पुढचा पेच निर्माण केला. रेमिंग्टन पद्धतीच्या मराठी कळफलकावर 'कि' उमटवताना आधी वेलांटी दाबावी लागते, नंतर 'क'. काही अक्षरे अर्धी उमटवून पुढे काना दिला की पूर्ण होतात. या पद्धतीत अक्षर म्हणजे कागदावर डावीकडून उजवीकडे क्रमाने रचलेले चित्र. १९८६मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने सर्व भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या 'इनस्क्रिप्ट'मध्ये याच्या नेमके उलट घडते : आधी 'क', मग वेलांटी, म्हणजे उच्चाराचा क्रम. पुढे 'इस्की' या भारतीय मानकाने (१९८८, सुधारित १९९१) आणि त्यावर बेतलेल्या युनिकोडने संगणकाच्या स्मृतीतही हाच क्रम रूढ केला. तेव्हा रेमिंग्टन की इनस्क्रिप्ट, हा वाद वरकरणी टंकलेखकाच्या सोयीचा असला तरी त्यात अक्षर दृश्य आहे की ध्वनी, असा प्रश्न दडलेला आहे. ज्याक देरिदा यांनी १९६७मध्ये लेखन आणि वाणी यांच्या श्रेणिबद्धतेविषयी जे प्रश्न उपस्थित केले, ते जिल्ह्याजिल्ह्यांतील टंकलेखन वर्गांत परीक्षेसाठी रेमिंग्टन गिरवणाऱ्या मुलामुलींच्या बोटांत निराळ्या रूपाने वावरत होते, असे म्हणण्यास हरकत नाही. शासकीय परीक्षा आणि नोकरी जिच्यावर अवलंबून, ती पद्धत 'आवडीची' होते. इनस्क्रिप्टचे तर्कशुद्धत्व सिद्ध करूनही ती सवय सुटत नाही, याचे कारण येथे आहे.

व्हीआयच्या मराठी वापरात हे दोन इतिहास एकमेकांवर आदळतात. या एडिटरात मजकूर लिहिण्याची अवस्था वेगळी आणि आज्ञा देण्याची वेगळी. आज्ञा रोमन अक्षरांच्या. इनस्क्रिप्ट चालू ठेवून आज्ञावस्थेत गेल्यास एच-जे-के-एल या कळांतून 'प, र, क, त' उमटतात आणि कर्सर जागचा हलत नाही. लेखनास आरंभ करणारी 'आय' ही कळ 'ग' होते. व्हिममध्ये पुढे लेखनावस्थेपुरताच देवनागरी कळफलक लावण्याची सोय झाली, ईमॅक्समध्येही देवनागरीच्या निरनिराळ्या निवेशपद्धती आल्या. पण ज्या साधनाच्या व्याकरणात दुसरी लिपी मुरलेली आहे, त्यात मराठी लिहिणाऱ्याला दोन कळफलकांमध्ये ये-जा करावीच लागते. खोडण्याची कळही एका वेळी काय खोडते, हा येथे साधा प्रश्न नाही. 'क्षि' या एका दृश्य अक्षराच्या पोटात चार संकेत असतात : क, हलन्त, ष आणि वेलांटी. वाचकाच्या दृष्टीने अक्षर एक, यंत्राच्या दृष्टीने चार.

मराठी प्रकाशनव्यवहाराने १९९०च्या दशकात निवड केली ती मुख्यतः दृश्याच्या बाजूने. पुण्यात १९८८मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकची प्रणाली, मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपी', 'आकृती' यांमुळे मराठी पुस्तके संगणकावर जुळू लागली. त्या काळच्या फाँटांत प्रत्येकाची संकेतरचना आपली आपली होती, आणि रोमन चिन्हांच्या जागी देवनागरी अवयव बसवलेले होते. कागदावर पान सुबक उमटे. तीच फाइल तो फाँट नसलेल्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गुंता दिसे. संकेतात साठवलेली होती ती आकृती. भाषा तेथे नव्हतीच. त्या दशकातील ज्या संहिता रूपांतराविना राहिल्या, त्यांचे पाठचिकित्सेचे साधन आता छापील पान हेच आहे, आणि संगणकपूर्व काळातील हस्तलिखितांपेक्षा ही परिस्थिती काही बाबतींत अधिक बिकट आहे. हस्तलिखित निदान वाचता तरी येते.

रत्नागिरीच्या चळवळीतील साहित्याचे संगणकीय संस्करण करू पाहणाऱ्या अभ्यासकापुढे एक वेगळीच अडचण उभी राहते. युनिकोडात 'इ'ला स्वतःचा संकेत आहे. 'अि' मात्र 'अ' आणि वेलांटी अशा दोन संकेतांनी साठते. म्हणून 'इतिहास' असा शोध दिला असता 'अितिहास' असे छापलेले पान शोधात येत नाही. यंत्रासाठी जी अक्षरे गाळली गेली, त्यांच्यावाचून यंत्राला ते पान सापडत नाही. संपादकाने 'अि' जशीच्या तशी राखली तर चळवळीचा पुरावा टिकतो आणि शोध हुकतो. 'इ' केली तर पान सापडते, परंतु ज्या कारणासाठी ते शोधले तेच त्यातून नाहीसे झालेले असते. मूळ पाठ आणि शोधासाठीचा प्रमाणित पाठ असे दोन थर ठेवणे शक्य आहे. त्यासाठी संहिता कोणत्या साधनात लिहिली आणि कोणत्या कळफलकावर टंकित झाली याची नोंद संपादकीय टिपणात असावी लागते, आणि मराठी संपादनाच्या परंपरेत अशा नोंदीला अद्याप रकाना नाही.