पट्ट्याची किंमत

सरकार पैसा कुठे उधळते हे सांगायला कोणालाही अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. कोणती मोटार चांगली, यावरही प्रत्येकाचे मत तयार असते. ‘शास्त्रज्ञांनी हवे ते संशोधन करायचे आणि भुर्दंड आपण भरायचा’ ही तक्रार तर आपण सर्वांनीच ऐकली आहे. कधी केलीही असेल. ही तिन्ही प्रकारची मते एकाच वस्तूभोवती गोळा झाली, त्याचा हा इतिहास. ती वस्तू म्हणजे मोटारीतला सीट बेल्ट, आसनपट्टा.

गोष्ट अमेरिकेतली आहे आणि ती सुरू होते विमानांपासून. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास विमान आपटले तर माणूस किती धक्का सोसू शकेल, याविषयी वैद्यकात एक ठाम समजूत होती: गुरुत्वत्वरणाच्या अठरा पटींपलीकडे, म्हणजे १८ ‘जी’च्या वर, माणूस जगणार नाही. मग विमानाची आसने त्याहून मजबूत कशाला करायची? आकडा होता, पण त्यामागे पुरेसे प्रयोग नव्हते. अमेरिकी हवाई दलातले डॉक्टर जॉन पॉल स्टॅप यांनी १९४७ पासून कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात प्रयोग सुरू केले. रुळांवर एक घसरगाडी, तिच्यामागे रॉकेट आणि पुढे जोरकस ब्रेक. सुरुवातीला गाडीत पुतळा बसवला. नंतर स्टॅप स्वतःच बसू लागले. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिको राज्यातल्या हॉलोमन तळावर त्यांची गाडी ताशी १,०१७ किलोमीटरपर्यंत गेली आणि अवघ्या १.४ सेकंदात थांबली. धक्का ४६ जीपर्यंत पोचला. डोळ्यांत रक्त उतरले, काही काळ दिसेनासे झाले. पण ते बचावले, दृष्टीही परत आली. पुढे ते ८९ वर्षे जगले.

हे गणित नववीच्या वर्गातही करता येईल. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. भिंतीवर आपटताना मोटारीचा पुढचा भाग ६० सेंटिमीटर चेपला आणि पट्ट्याने बांधलेला प्रवासी मोटारीबरोबरच थांबला, तर v² = 2as या सूत्राने त्याचे सरासरी मंदन निघते सुमारे १६ जी. पट्टा नसेल तर मोटार थांबली तरी तो त्याच वेगाने पुढे जातो आणि समोरच्या फळीवर आपटून पाचेक सेंटिमीटरात थांबतो. आता उत्तर येते २०० जीच्या आसपास. वेग तोच आणि माणूसही तोच. बदलले ते थांबण्याचे अंतर. स्टॅप ४६ जी सोसून उठले होते, हे ठाऊक असले की यातले १६ आणि २०० हे दोन आकडे बोलू लागतात.

स्टॅप यांच्या हे लवकरच ध्यानात आले होते. हवाई दलाची माणसे विमानांपेक्षा मोटारींच्या अपघातांत जास्त मरत होती. १९५५ पासून त्यांनी हॉलोमनला मोटारींच्या टकरींचे प्रयोग केले आणि मोटार कंपन्यांच्या व विद्यापीठांच्या लोकांना ते पाहायला बोलावले. यावर हिशेब पाहणारे वरिष्ठ बिथरले: हवाई दलाच्या पैशाने मोटारी कसल्या फोडता? तक्रार वाजवीच होती, असे आम्हांला वाटते; जनतेच्या पैशाचा जाब विचारलाच पाहिजे. स्टॅप यांनी उत्तरादाखल मृत्यूंचे आकडे पुढे ठेवले. काम चालू राहिले.

गाडी घेणाऱ्यांचे काय? १९५६ साली फोर्ड कंपनीने सुरक्षिततेचा गाजावाजा करत गाड्या विकल्या: छातीत न घुसणारे सुकाणूचक्र, टकरीत न उघडणारी दारे आणि जादा पैसे दिल्यास पट्टे. त्या वर्षी प्रतिस्पर्धी शेव्हरोलेच्या गाड्या जास्त खपल्या. लगेच निष्कर्ष निघाला की सुरक्षितता विकली जात नाही. एका वर्षाच्या विक्रीमागे किंमत, रूप, विक्रेत्यांचे जाळे अशी दहा कारणे असतात. पण उद्योगाने हा निष्कर्ष कित्येक वर्षे प्रमाण मानला. १९५९ मध्ये स्वीडनमध्ये व्होल्वोच्या नील्स बोलीन यांनी खांद्यावरून व कमरेवरून जाणारा तीन-बिंदू पट्टा आणला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांच्या पुस्तकाने अमेरिकेत खळबळ उडवली. १९६६ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाहनसुरक्षेच्या कायद्यावर सही केली, तेव्हा स्टॅप तिथे हजर होते. १९६८ पासून नव्या मोटारींत पट्टे सक्तीचे झाले.

म्हणजे लोकांनी ते लावले असे नव्हे. १९७४ च्या नव्या मोटारींत पट्टा बांधल्याशिवाय इंजिनच सुरू होईना. लोक इतके संतापले की त्याच वर्षी संसदेने कायदा करून ही सक्ती रद्द केली. १९८३ सालीही पट्टा लावणारे जेमतेम १४ टक्के होते.

याच काळात सिनेटर विल्यम प्रॉक्समायर सरकारी उधळपट्टीला दर महिन्याला एक उपहासाचा पुरस्कार देत. १९७५ मध्ये विमान प्रशासनावर त्यांची नजर गेली: ४३२ हवाई सुंदरींच्या शरीराची मापे घेण्यावर ५७,८०० डॉलर! नितंबांची लांबी मोजल्याचे कळल्यावर तर वृत्तपत्रांना मेजवानीच मिळाली. पण आसन आणि पट्टा ज्याच्यासाठी करायचा त्याची मापे नकोत का? प्रॉक्समायर यांचे पुष्कळ फटकारे योग्य जागी बसले असतील. हा मात्र शीर्षक वाचून मारलेला वाटतो.

१९६६ मध्ये अमेरिकेत रस्त्यांवर सुमारे ५१ हजार माणसे मेली. दर दहा कोटी मैलांच्या प्रवासामागे साडेपाच. २०१९ मध्ये हे प्रमाण १.१ वर आले होते. रस्ते, रुग्णवाहिका, दारूविषयीचे कायदे यांचाही त्यात वाटा आहेच. एकट्या पट्ट्यांमुळे २०१७ मध्ये सुमारे पंधरा हजार प्राण वाचले, असा तिथल्या सरकारी खात्याचा अंदाज आहे.

आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न मायलेजचा, दुसरा विकताना किती येतील याचा. जानेवारी २०१४ मध्ये आपल्या बाजारातल्या पाच लोकप्रिय छोट्या मोटारी एका आंतरराष्ट्रीय संस्थेने आपटून पाहिल्या. प्रौढांच्या सुरक्षिततेत पाचहींना शून्य तारे मिळाले. डिसेंबर २०१८ मध्ये एका भारतीय मोटारीने पाच तारे मिळवले आणि जाहिरातींत तारे झळकू लागले. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची टक्कर-चाचणी योजनाही सुरू झाली. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच विक्री-संकेतस्थळांना एक वस्तू काढून टाकायला लावली. पट्टा न लावता त्याच्या खाचेत खुपसायची आणि इशाऱ्याची पिपाणी बंद पाडायची धातूची चकती. विक्रीच्या अशा १३,११८ नोंदी निघाल्या.